आजाराच्या रकान्यात ‘नाही’

गावाकडची माणसं आरोग्य विमा का काढत नाहीत, या विषयावर मी दहा वर्षं भाषण दिलं. ठाण्याला नव्या एजंटांचं प्रशिक्षण असलं की मला बोलावणं यायचं. शहापूर-मुरबाडच्या खेड्यांतून आधी सायकल, मग लूना आणि शेवटी स्कूटर झिजवलेला जुना माणूस, म्हणून जेवणानंतरचा तास माझा. पोरं पेंगायला आलेली असायची. मी बोटं मोजून कारणं सांगायचो. एक, अज्ञान. दोन, सरकारी दवाखाना फुकट आहे म्हणून बेफिकिरी. तीन, हळदीला अख्खा गाव जेवू घालतील पण स्वतःच्या तब्येतीसाठी खिशात हात जाणार नाही. चौथं कारण आलं की मी खुर्ची पुढे ओढायचो. आमच्या धसईच्या पुढे एक पाडा आहे म्हणायचो. बावीस घरांनी विमा काढला, वर्षाच्या आत एकाला छातीचं दुखणं निघालं, आणि पाड्यात पक्कं झालं की विमा काढला की आजार येतो. पुढच्या वर्षी माझी स्कूटर दिसली की बायका दारं लावून घ्यायच्या. पोरं हसून हसून जागी व्हायची आणि चहापर्यंतचा वेळ बरा जायचा.

या अंकाच्या संपादकांनी फोन केला तेव्हा त्यांना हाच किस्सा हवा होता. ‘तुमचं ते दारं लावून घेणाऱ्या बायकांचं द्या, वाचक खूश होतील.’ मी हो म्हणून बसलो. लिहायला घेतलं आणि दोन दिवस एक ओळ पुढे सरकेना. कारण तो किस्सा खोटा आहे. पाडा खरा, बावीस घरं खरी, छातीचं दुखणंही खरं. दारं लावून घेणाऱ्या बायका मी रचल्या. कशासाठी रचल्या ते आता या वयात सांगून टाकलेलं बरं. गंमत वाचायला आलेल्यांनी पुढचं पान उलटावं, माझा राग नाही.

आधी माझा धंदा सांगतो, कारण लोकांना आयुर्विम्याचा एजंट तेवढा माहीत असतो. त्याला मान असतो. आम्ही जनरलवाले. जीप, भाताची गिरणी, दुकान आणि म्हैस यांचे विमे काढणारे. मी किन्हवलीचा, घरची थोडी भातशेती, नोकरी लागली नाही म्हणून एजन्सी घेतली. माझं पोट सगळ्यात जास्त भरलं ते म्हशींनी. म्हशीचा विमा काढायचा म्हणजे सरकारी पशुवैद्य यायचा. दात बघायचा, शिंगाची वळणं मोजायचा, कपाळावरचा पांढरा ठिपका कागदावर काढायचा, आणि मग कानात नंबराचा बिल्ला ठोकायचा. म्हैस मेली तर तो बिल्ला कानासकट कापून आणायचा, तरच क्लेम. एका संक्रांतीला टोकावड्याकडचा एक म्हातारा असा कान वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या घरी घेऊन आला. आमच्या हिला वाटलं तिळाचे लाडू आहेत. तिने पुडी सोडली, आणि पुढचे आठ दिवस माझ्याशी ती शब्द बोलली नाही.

हे सांगायचं कारण असं की म्हशीच्या कागदात खोटं चालायचं नाही. माणसांच्या कागदाचं तसं नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कंपनीने खेड्यांसाठी स्वस्तातली आरोग्य पॉलिसी काढली. माणसं दहा-वीस घरांच्या गटाने घ्यायची. एकच लांबलचक यादी भरायची: नाव, वय, नातं, आणि शेवटच्या रकान्यात ‘सध्याचे अथवा पूर्वीचे आजार’. हा रकाना आम्ही एजंट लोक घरूनच भरून न्यायचो. पहिल्या ओळीत ‘नाही’ लिहायचं आणि खाली शेवटपर्यंत दोन-दोन टिंबं मारत जायचं, म्हणजे ‘वरीलप्रमाणे’. कुणी ‘आहे’ लिहिलंच तर ती यादी डॉक्टरकडे जायची, डॉक्टर तपासण्यांच्या चिठ्ठ्या पाठवायचा, तीन महिने जायचे आणि वर्षाचं टार्गेट बुडायचं. म्हशीला डॉक्टर तपासायचा. माणसाला मी टिंब मारायचो.

आणि मनाची समजूत घालायला एक सबब तयार होती. आमच्याकडे आजारी कोण, तर जो अंथरुणावरून उठत नाही तो. अंगात ताप असून भाताच्या लावणीला उभी राहिलेली बाई आजारी नसते. ‘काय आजार हाय का?’ विचारलं तर ती ‘नाय’ म्हणणारच. मग विचारायचं कशाला, असं मी म्हणायचो. विचारून बघितलं नव्हतं ते वेगळं.

तर तो पाडा. धसईच्या पुढे, जिथून सिद्धगड अगदी समोर दिसतो. तिथे बायकांचा बचत गट होता आणि सुमनवैनी त्याच्या अध्यक्ष होत्या. चौथी शिकलेल्या, बारीक चणीच्या, बोलणं मोजकं. त्यांचे मालक बबनराव मुरबाडच्या कारखान्यात माल चढवायला-उतरवायला जायचे. आता कारखान्यात आहे म्हणजे औषधपाणी कारखान्याचं, असं शहरातल्या माणसाला वाटतं. मलाही वाटलं होतं. तसं नसतं. कायम असलेल्याला कामगार दवाखान्याचं कार्ड मिळायचं. बबनराव ठेकेदाराचे. नऊ वर्षं एकाच फाटकातून आत जाऊनही त्या कारखान्याच्या लेखी ते तिथे नव्हते.

पहिल्या बैठकीत मी माझं पाठ केलेलं भाषण केलं. अज्ञान दूर करायला गेलो होतो ना. वैनींनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “भाऊ, दवाखान्यात आधी पैसं कोन भरनार? तुमी का आमी?”

“आधी तुम्ही. मग बिलं पाठवायची, कंपनी देते.”

“आनि मुरबाडचा दवाखाना चालंल का?”

नव्हता चालत. पंधरा खाटांचं हॉस्पिटल लागायचं आणि तेव्हा आमच्या आसपास तेवढ्या खाटा म्हणजे कल्याण. हे यादीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं. ते त्यांनी मी चहा पीत होतो तेवढ्यात बोट लावून वाचलं असावं. माझ्या वरच्या साहेबानेही ते कधी वाचलेलं नसणार. मी म्हणालो, “छोट्या आजाराला विमा कशाला वैनी? छोट्याला सरकारी आहे की. फुकट.”

“फुकट कसा? जायाला जीप लागते. संगतीला मानूस लागतो, त्याची मजुरी बुडते. सुई तिथं, फोटू बाहेरून, औषीद बाहेरून.” हे त्यांनी चिडून नव्हे, मला माहीत नसेल म्हणून समजावून सांगितलं. पुढे म्हणाल्या, “शहरातली मानसं बोलत्यात ना, हळदीला खर्च करतात नि दवाखान्याला नाय. अहो, हळदीला गाव जेवतो म्हनून तं आजारपनात गाव धावतो. परसूबाईचा पाय मोडला तवा अख्ख्या पाड्यानं तिची लावनी करून दिली. आमचा विमा त्यो हाय. पन मोठ्या ऑपरेशनला गाव पुरा पडत नाय. म्हनून तुमाला बोलावला.”

इतकं सगळं ऐकूनही मी पुढे दहा वर्षं भाषणात हळदीचं तेच रडगाणं गायलो. लाज वाटते म्हणायला सोपं आहे, पण तेव्हा वाटली नव्हती हे जास्त लाजिरवाणं आहे.

सह्या-अंगठ्यांचा दिवस शाळेच्या पडवीत ठरला. भाताची झोडणी उरकलेली, हातात थोडा पैसा, म्हणून सगळी घरं आली. मी खुर्चीवर, मांडीवर फळी, फळीवर यादी. समोर रांग. यादीतला शेवटचा रकाना घरूनच भरलेला, वर ‘नाही’ आणि खाली शेवटपर्यंत टिंबांच्या जोड्या. सुमनवैनी पुढे आल्या आणि त्यांनी साडीच्या दुकानाची एक प्लास्टिकची पिशवी माझ्या फळीवर ठेवली.

“भाऊ, ह्ये बी लिवा. यांच्या छातीचा कागूद हाय. दोन वर्सामागं कल्यानला नेलं होतं.”

मी पिशवीत डोकावलो. केसपेपर होता, एक्स-रेचा एक मोठा फोटो होता. हृदयाच्या झडपेचं काहीतरी होतं एवढं मलाही कळलं. मी बबनरावांकडे बघितलं. ते रांगेत मागे उभे होते, गालात हसत. विचारलं, “आता काही त्रास?”

“नाय. आता बरा हाय मी. रोज कामाला जातो.”

“मग झालं वैनी. कामाला जाणारा माणूस आजारी कसा?”

“पन कागदावर इच्यारलाय, तं लिवाला पायजे ना?”

आता त्या ओळीवर ‘आहे’ लिहायचं म्हणजे टिंबं खोडायची. खाडाखोड झाली की यादी परत. नवी यादी, परत बावीस सह्या, परत हा पाडा. साहेब मुरबाडला जीपमध्ये वाट बघत बसलेला. मी पिशवी हाताने बाजूला सारली आणि म्हणालो, “तुम्ही सही करा. कागद सांभाळून ठेवा. ते मी बघतो.” पिशवी फळीवरून घसरून खाली पडली. वैनींच्या मागे बारकूबाई म्हणून एक बाई होती, अंगठ्याला शाई लावून थांबलेली. तिने त्याच हाताने पिशवी उचलली. सुमनवैनींनी सही केली. सुरेख, एकेक अक्षर सुटं काढलेली सही होती.

‘ते मी बघतो’ हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात महाग वाक्य. बोलणाऱ्याला मात्र फुकट पडतं.

आठ-दहा महिने गेले. बबनराव कारखान्यात पोतं पाठीवर असताना खाली बसले ते उठेनात. आता बघा, विमा नसता तर ही माणसं काय करती? मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात जाती, आठ-पंधरा दिवस व्हरांड्यात झोपती, नंबर लागायची वाट बघती, आणि बहुतेक नंबर लागताही. पण त्यांच्याकडे विमा होता. माझ्यासारख्या माणसाने ‘कल्याणला न्या, काळजी करू नका’ म्हणून सांगितलेलं होतं. त्यांनी कल्याणला खाजगीत नेलं. म्हशी विकल्या, त्यातल्या एकीच्या कानात माझाच बिल्ला होता. डॉक्टर म्हणाला, आता सावरलेत, पण झडप बदलावी लागेल, चार-सहा महिन्यांत करा. वैनींचा हिशेब सरळ होता. या खेपेचे पैसे कंपनीकडून आले की त्यावर ऑपरेशन.

ते आले नाहीत. कंपनीच्या डॉक्टरने कल्याणचे जुने कागद मागवून घेतले आणि पत्र आलं. इंग्रजीत होतं. गटाच्या सगळ्या बायकांना काय लिहिलंय ते ऐकायचं होतं, म्हणून परत शाळेची पडवी. या खेपेला माझ्याबरोबर साहेबही होता. मी पत्र मराठीत करून सांगितलं: आजार आधीपासूनचा होता, अर्जात तो दडवला, म्हणून क्लेम नामंजूर.

“दडवला?” सुमनवैनी म्हणाल्या. “मी तं कागूद तुमच्या म्होरं ठेवला होता, भाऊ.”

सगळी पडवी माझ्याकडे बघत होती. साहेबही. आणि मी, वयाने पंचेचाळिशीचा, दोन मुलांचा बाप, घरात रोज देवापुढे दिवा लावणारा माणूस, म्हणालो, “वैनी, माझ्यासमोर कुठलाच कागद आला नाही.”

कुणी काही बोललं नाही. बबनराव ओट्याच्या कडेला बसले होते, त्यांनी मान खाली घातली. वैनी माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता तोंड सोडतील, आणि खरं सांगतो, सोडलं असतं तर मला बरं झालं असतं, मीही आवाज चढवला असता. त्या नुसत्या “बरं” म्हणाल्या. पडवीतली माणसं एकेक करून उठली. मी मनात म्हटलं, सुटलो. यांना माझं पटलं. बाई खोटी पडली याचं त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही. जाताना साहेब म्हणाला, “अशीच असतात हो. लपवतात आणि मग आपल्यावर येतात.” मी मान डोलावली.

पंधरा दिवसांनी वैनी आमच्या घरी आल्या. धसईहून मुरबाड, मुरबाडहून किन्हवली, दोन गाड्या बदलून. हिने पोहे केले, चहा ठेवला. वैनींनी भांडण काढलं नाही की रडल्या नाहीत. म्हणाल्या, “मला पैसं नकोत तुमचं. एक चिठ्ठी लिवून द्या. कागूद दाखवला होता, येवढीच. कल्यानच्या डाक्टरांनी सांगितला, एजंटची चिठ्ठी लावली तं वरच्या हापिसात परत बगतात.”

बघतात, हे मला माहीत होतं. अशी एक-दोन प्रकरणं मंजूर झालेली मी पाहिली होती. त्यात एजंटचं काय झालं तेही पाहिलं होतं. मी म्हणालो, “वैनी, माझी एजन्सी जाईल.”

त्यांनी थोडा विचार केला. “जाईल, व्हय,” म्हणाल्या. “मंग दुसरी काय वाट हाय का?”

“बघतो मी,” म्हणालो. परत तेच.

चहा पिऊन झाल्यावर त्यांचं लक्ष हिच्या पायाकडे गेलं. हिला साखर होती आणि अंगठ्याची जखम भरत नव्हती. वैनींनी वाकून ती जखम बघितली. “बाय, पानी लागू देऊ नका. आनि अनवानी अंगनात फिरू नका,” म्हणाल्या. मग गाडीची वेळ झाली म्हणून उठल्या. त्या गेल्यावर हिने मला विचारलं, “खरंच दाखवला होता का हो कागद?” मी नाही म्हणालो. बायकोशीही.

चिठ्ठी मी लिहिली नाही. ऑपरेशन झालं नाही. मुंबईच्या हॉस्पिटलात शेवटी गेले तोवर डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून सांगितलं. बबनराव दोनेक वर्षं ओटीवर बसून दोर वळत होते आणि मग गेले. मला हे धसईच्या बाजारात एका वांगी विकणारीने सांगितलं. मी वांगी घेतली आणि घरी आलो. पाड्यावर गेलो नाही.

या सगळ्यात त्या पाड्यातल्या एकाही घराने विमा पुढे चालवला नव्हता. बावीसच्या बावीस बंद. साहेबाने कारण विचारलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, मी म्हणालो, “अंधश्रद्धा साहेब. म्हणतात विमा काढला की आजार येतो.” साहेब पोट धरून हसला. त्याने ठाण्याला सांगितलं, ठाण्याहून मला भाषणाला बोलावणं आलं, आणि दर खेपेला मी त्यात भर घालत गेलो. दारं लावणाऱ्या बायका तिसऱ्या वर्षी आल्या. पुढे एका प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत ‘ग्रामीण ग्राहकाची मानसिकता’ या मथळ्याखाली तो किस्सा छापूनही आला. मी ती पुस्तिका घरी आणून हिला दाखवली होती.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी हिचा पाय बिघडला. बोट काळं पडलं. तुम्ही विचाराल, एजंटच्या घरात विमा तर असेलच. नव्हता. आमचा फॉर्म मी खरा भरला होता. साखर, किती वर्षांपासून, कुठली गोळी, सगळं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, म्हणून स्वतःच्या कागदात एक टिंब चुकीचं ठेवलं नाही. तो फॉर्म परत आला. विमा देता येत नाही म्हणून.

कल्याणला हॉस्पिटलात दाखल करायला नेलं. खिडकीत एक पोरगी होती, तिने मान वर न करता विचारलं, “इन्शुरन्स?”

“नाही.”

“कुठून आलात?”

“किन्हवली. मुरबाडच्या पलीकडे.”

तिने शेजारच्या पोरीला सांगितलं, मला ऐकू जाईल अशा आवाजात नाही, पण मला गेलं. “त्या साइडचे काढतच नाहीत गं. त्यांना वाटतं विमा काढला की आजार येतो. आम्हाला विमा कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, बायका दारं लावून घेतात म्हणे.” दोघी हसल्या.

ही चाकाच्या खुर्चीत माझ्या शेजारी होती. तिने माझ्याकडे वर बघितलं. “सांगा ना तिला, आपला फॉर्म परत आला होता,” म्हणाली. मी खिडकीत पैसे मोजून ठेवायला लागलो. पंचवीस वर्षं बोलण्यावर पोट भरलेला माणूस मी. त्या पोरीला काय सांगणार होतो? आम्ही तसे नाही म्हणून? की तो किस्सा माझाच आहे म्हणून?

दोन बोटं काढली. घरी आणल्यावर एका दुपारी हिने परत तोच प्रश्न विचारला. इतकी वर्षं तिने तो जपून ठेवला होता. “सुमनवैनींनी कागद दाखवला होता ना?” मी हो म्हणालो. तिने भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाली, “जाऊन या.”

मी चिठ्ठी लिहिली. फुलस्केपवर, तारीख घालून, जशी तेव्हा लिहायला हवी होती तशी. श्रीमती सुमन यांनी पतीच्या आजाराचे कागद सहीच्या दिवशी माझ्यासमोर ठेवले होते, मी ते अर्जात नोंदवले नाहीत, आणि नंतर सर्वांसमोर खोटं बोललो. खाली सही. एजन्सी तोवर मी सोडली होती, तेव्हा फार मोठं शौर्य केलं अशातला भाग नाही.

वैनी अंगणात वाल वाळत घालत होत्या. केस पांढरे झालेले. त्यांनी मला ओळखलं आणि “या भाऊ” म्हणाल्या, काल येऊन गेल्यासारखं. चिठ्ठी हातात घेतली, तसंच बोट लावून वाचली. दोनदा वाचली.

“आता ही कोनाला द्याची?”

“कंपनीला. मी स्वतः घेऊन जातो.”

“कंपनीला कशाला? मानूस तं गेला.” मग म्हणाल्या, “शाळंच्या पडवीत वाचाल का? तिथं बोलला होता तुमी.”

शाळा आता नव्या इमारतीत गेली आहे, पण ती पडवी आहे. वैनींनी हाका मारल्या. दहा-बारा माणसं जमली, निम्मी त्या वेळी जन्मलीही नसतील. बारकूबाईला नातसुनेने हाताला धरून आणलं, तिला आता कमी दिसतं. मी उभा राहून वाचलं. ‘खोटं बोललो’ हे शब्द मी दोनदा वाचले. वाचून झाल्यावर बसायला जागा शोधली आणि खाली बघत राहिलो. मला वाटलं होतं आज या बाईच्या माथ्यावरचा डाग मी पुसतो आहे.

बारकूबाई म्हणाली, “ह्ये आमाला काय सांगताव? मी सुमनच्या मागंच उभी होती. पिशवी पडली ती मीच नाय उचलली? हाताची शाई लागली तिला.”

मी म्हणालो, “मग त्या दिवशी बोलला का नाहीत कुणी?”

“दारात आलेल्या मानसाला खोटा कोन म्हननार?” ती म्हणाली. “आमी सगल्यांनी बगितला होता. म्हनून तं परत कोनी विमा नाय काढला.”

एवढंच. त्यात राग नव्हता. बावीस घरांनी माझ्यासमोर गप्प बसून माझी पारख केली होती, आणि मी ठाण्याला जाऊन त्यांना अडाणी ठरवत होतो. माणसं उठून आपापल्या कामाला गेली. एका पोराने मला पाण्याचा तांब्या आणून दिला.

वैनींनी चिठ्ठीची घडी करून कमरेला खोचली. आम्ही त्यांच्या अंगणापर्यंत चालत आलो. मी स्कूटरची किल्ली काढत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, “आनि तुमच्या घरच्या वैनींचा पाय कसा हाय? साखर होती ना त्यांना?”

एकदाच भेटल्या होत्या त्या हिला, मधे इतकी वर्षं गेली होती. माझ्या सगळ्या धंद्यात मी कुणाला असं विचारलं नव्हतं.

“दोन बोटं काढली,” मी म्हणालो.

“अगो बाय. मंग खर्च लय आला आसंल. तुमचा तं विमा होता ना?”

“नाही,” मी म्हणालो.

त्या अंगणातल्या वालांपाशी गेल्या. सुपात वाल घेतले, पिशवीत ओतले, आणि हिच्यासाठी म्हणून माझ्या हातात दिले.